बर्फातलं औषध आणि जयाची आई

बाय, तुझ्या तेराव्याला मी भांडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तरीन, जेवायला आलेल्या मान्सांशी भांडतेस, लाज नाय तुला?" आणि मग मला मागच्या दारी ओढून हळूच विचारलं असतंस की कोणाशी भांडलीस, कशावरून भांडलीस, आणि मुख्य म्हणजे जिंकलीस का.

जिंकले. एडवणहून तुझी मामी आली होती. पानावर बसली, वरणभात कालवला, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शेवटी साखरेनंच नेली गो पोरीला." माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. ते मी तिथंच खाली ठेवलं आणि म्हटलं, "मामी, साखरेने नाही नेली. तापाने नेली. ताप छातीत उतरला आणि चार दिवसांत खेळ संपला. साखर इतकी वर्षं या दारात येत होती आणि हात हलवत परत जात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय." मामीचा घास हातातच राहिला. दादांनी मान खाली घातली. मला वाटलं, धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या पाहुणीचा अपमान केला म्हणून रागावले. तर खांदे हलताना दिसले. तुझा नवरा तुझ्याच तेराव्याला हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

म्हणून म्हटलं, हे सगळं एकदा लिहून काढावं. भेटायला येणारी माणसं रडवेलं तोंड करून येतात, पदराला डोळे पुसतात, "फार सोसलं हो हिरूने" म्हणतात. सोसलंस हे खरंच. पण मला दिवसभर तू आठवतेस ती बाजारात बसून गिऱ्हाइकाची खोड मोडणारी, नाही तर काचेची नळी उन्हात धरून शेजारणींना पळवणारी. मला हसू यायचं आणि घरात सुतक म्हणून तोंड पाडून बसावं लागायचं. आता सुतक फिटलं, आता हसते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुझी दोन मुलं गेलेली होती. दोन्ही पोटातच, शेवटच्या महिन्यात. दोन्ही चांगली भरलेली, गुटगुटीत, असं आई, आपल्या सासूबाई, म्हणायच्या, आणि म्हणून तर गावाला जास्तच संशय. रोडकं बाळ गेलं तर लोक म्हणतात अशक्त होतं. धडधाकट बाळ जातं तेव्हा आईकडे बघतात. माझ्या डोहाळजेवणाला सगळा स्वयंपाक तू केलास, आणि ओटी भरायची वेळ आली तेव्हा आई तुला म्हणाल्या, "हिरू, तू जरा मागं ऱ्हा." तू मागच्या पडवीत जाऊन बोंबील निवडत बसलीस. मी ओटी घेऊन तिथं आले तर मलाच रागावलीस, "जा, पुढं जा, तुझ्या पोराला माझी सावली नको." मी गेले नाही. त्या दिवशी आपलं पहिलं भांडण झालं, आणि तिथून पुढे कधी थांबलं नाही. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, पण आपल्या दोघींची भांडी म्हणजे भजनातले टाळ झाले होते.

तुला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं. बोईसरच्या बाजारात कुठकुठची माणसं दिसायला लागली होती आणि तुझे बोंबील दुपारच्या आत संपत होते. पण तू वाळत चालली होतीस. हंडाभर पाणी प्यायचीस आणि पुन्हा हंड्याकडे बघायचीस. आणि न्हाणीच्या मागे मुंग्या लागायला लागल्या. आईंना वाटलं, कोणी गूळ सांडला. मला वाटलं, नाही, हे वेगळं आहे. काय ते माहीत नव्हतं, पण तुला धरून पालघरच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी निळ्या औषधात तुझ्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी झालं आणि शेवटी कौलासारखा रंग येऊन थांबला. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह आहे, आणि आधीची दोन्ही बाळं बहुतेक यानेच गेली. तू आपल्या पायांकडे पाहिलंस. मग विचारलंस, "म्हंजे माझ्या पायगुनाचा दोष नाय?"

"पायाचा नाही. तुमच्या स्वादुपिंडाचा."

"ते कुठं असतं?"

त्यांनी पोटाच्या वरच्या बाजूला बोट टेकवून दाखवलं. बाहेर आल्यावर तू रस्त्याच्या कडेला मटकन बसलीस. मी घाबरले. तर तू हसत होतीस. "मास्तरीन, इतकी वर्सं माझ्या पायांनी फुकट शिव्या खाल्ल्या गो!" बाय, दवाखान्यातून रोग घेऊन हसत बाहेर पडलेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

पण हे तिसरं बाळ वाचेल का, याचं उत्तर पालघरला नव्हतं. डॉक्टरांनी आपल्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथले मोठे डॉक्टर खुर्ची ओढून तुझ्यासमोर बसले, हे मला अजून आठवतं, कारण आपल्यासारख्यांशी ते लोक सहसा उभ्यानेच बोलतात. ते म्हणाले, "पूर्वी या रोगात आईच वाचत नसे. इन्सुलिन आलं, आया वाचायला लागल्या, पण बाळं शेवटच्या महिन्यात जातच राहिली. आता आम्हाला, बाहेरच्या देशांतल्या डॉक्टरांनाही, असं दिसायला लागलंय की पहिल्यापासून साखर ताब्यात ठेवली आणि ते शेवटचे आठवडे यायच्या आत बाळ बाहेर काढलं, तर पुष्कळ बाळं वाचतात. सगळी नाही. आम्हालाही अजून सगळं कळलेलं नाही. तुम्ही येत राहिलात तर आम्हीही तुमच्यावरून शिकू."

तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "शिका, किती बी शिका. पन पोर मला द्या."

मग सुरू झाली सुई. दोन बाटल्या, एक पाण्यासारखी आणि एक दुधासारखी. नर्सने संत्र्यावर टोचायला शिकवलं. आपल्याकडे संत्रं कुठून आणायचं? वैशाख होता, ताडगोळे निघाले होते. तू ताडगोळ्यावर सराव केलास आणि त्यातलं पाणी आईंच्या डोळ्यात उडालं. तीन दिवस घरात ज्याला त्याला टोचलेले ताडगोळे खायला लागले. स्वतःच्या मांडीत पहिली सुई टोचलीस तेव्हा मी डोळे मिटले होते आणि तू मला धीर देत होतीस.

लघवी तपासायचं सामानही घरी आणलं. ते तू मागच्या अंगणात मांडायचीस. रंगांची नावं तुझी तूच ठेवलीस. निळा म्हणजे समुद्र, हिरवा म्हणजे शेवाळ, पिवळा हळद, आणि तो मेला विटकरी रंग म्हणजे कौल. रोज सकाळी मी ओरडून विचारायची, "काय आलं?" आणि तू ओरडून सांगायचीस, "कौल!"

कौल, कौल आणि कौल. सुया घेऊनही कौल. पालघरच्या डॉक्टरांनी औषध वाढवलं, तरी कौल. मग घरात कुजबुज सुरू झाली की हिरू चोरून गोड खाते. आईंनी गुळाचा डबा उशाशी घेतला. दादा बाजारातून आल्यावर तुझं तोंड निरखायचे. तू एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसलीस, "देवाशप्पत, मी गोड तोंडात घातलं नाय." मला शपथ नको होती. तू गोड खाल्लं असतंस तर सगळ्यांना दाखवून खाल्लं असतंस, चोरून खाणं तुझ्या स्वभावात नव्हतं. पण मग साखर येत होती कुठून? आणि पोटातल्या जिवाचं काय होत होतं? ते तू विचारत नव्हतीस आणि मीही विचारत नव्हते.

एके दिवशी तुला बाजाराची घाई होती. सुई बाटलीत घातलीस, दट्ट्या ओढलास, काही येईना. मला हाक मारलीस. मी बाटली उजेडात धरली. आतलं औषध दगड झालं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, औषध थंड ठेवा, उन्हाळ्यात खराब होतं. त्यांच्याकडे थंड करायचं कपाट होतं, आपल्याकडे वीजही नव्हती. पण थंड ठेवणं म्हणजे तुझ्या हातचा मळ! मुंबईला जाणाऱ्या पापलेटांची पेटी तुझ्यासारखी गावात कोणी भरत नसे. बर्फ फोडायचा, त्यात मीठ मारायचं म्हणजे गारठा धरतो, वर भुसा. घरी ठेवलेल्या तशाच एका पेटीत, सगळ्यात तळाला, पापलेटांच्या खाली, फडक्यात बांधून तू दोन्ही बाटल्या ठेवल्या होत्यास. घरातलं सगळ्यात मोलाचं म्हणून सगळ्यात थंड जागी. रोज सकाळी बाटली काढून चहा होईपर्यंत चुलीशेजारी ठेवायचीस, गार टोचलं की दुखतं म्हणून, त्यामुळे गोठलेलं कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी घाईत चहा राहिला.

तू बाटलीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. "मास्तरीन, ह्याचा पापलेट झाला!"

आपण तशाच एसटीने पालघरला गेलो. डॉक्टरांनी बाटली हलवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "एकदा गोठलं की यात काही राहत नाही. थंड म्हणजे माठातल्या पाण्याइतकं थंड, बाई."

"मंग माठ म्हनायचं ना! मासेवालीला थंड सांगितल्यावर ती बर्फच लावनार."

ते हसले, मी हसले, कंपाउंडर हसला. पण परतीच्या एसटीत तू सगळी वाट पोटावर हात ठेवून बसली होतीस. बाळ अजून हालचाल करायला लागलं नव्हतं. इतके दिवस आपण मेलेलं औषध टोचत होतो आणि आत काय चाललं असेल ते कोणालाच माहीत नव्हतं. मला तुझा हात धरायचा होता. मी धरला नाही, कारण धरला असता तर तू रडली असतीस आणि गाडीत पाम गावच्या ओळखीच्या बायका होत्या. आता वाटतं, रडली असतीस तर रडली असतीस.

घरी येऊन आपण मोठ्या मडक्यात लहान मडकं बसवलं, मधे वाळू घातली, वाळूवर पाणी शिंपडलं, आणि नवीन बाटल्या आत ठेवल्या. औषध जिवंत आहे म्हणून डॉक्टरांनी मापही पुन्हा कमी करून दिलं. दुसऱ्या दिवशी कौल जरा फिकट आलं. मग हळद. मग शेवाळ. आणि एका सकाळी तू ओरडलीस तो आवाज मी शाळेच्या सुट्टीत अंथरुणात असताना ऐकला, "समुद्र! मास्तरीन, समुद्र आला!" ती नळी घेऊन तू घराघरात गेलीस. बायका आधी कौतुकाने पुढे व्हायच्या, "काय गो हे, कसला सुरेख रंग," आणि आत काय आहे ते तू सांगितलंस की चार पावलं मागे. तुला त्या पळापळीतच जास्त मजा येत होती.

औषध जिवंत झालं तशी एक नवीनच भानगड झाली. सुई घेतली की खायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू मान डोलावली होतीस. पण भवानी झाल्याशिवाय, पहिला मासा विकल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलेलं आणि तिच्या आईने तिला. ते डॉक्टरांना कसं माहीत असणार! बोईसरच्या बाजारात मी तुझ्यासोबत होते. भवानी लवकर होईना. तुला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. आणि तू बोंबील फुकट वाटायला लागलीस. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात जुडी द्यायची आणि म्हणायचं, "घे रे, घे, तुझाच हाय." मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. पण शेजारची मासेवाली किंचाळली, "धावा गो! हिरू फुकट देते म्हंजे हिला कायतरी झालंय!"

तू कलंडलीस. तारापूरच्या कामावरचा एक गवंडी चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "धूप लग गई है माताजी को," आणि आपला अर्धा पेला तुझ्या ओठांना लावला. त्यात चहा कमी आणि साखर जास्त. पेला संपला, जरा वेळ गेला, तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "काय पाजलंत मला?"

"चहा."

"साखर घातलेला? मारता काय रे मला?"

मग तुला सांगितलं की साखर संपली म्हणूनच पडलीस आणि साखरेनेच उठलीस. तू विचार केलास. मग तुझी नजर पाटीवर गेली. पाटी निम्मी रिकामी. त्या अवस्थेत तू उठून अख्ख्या बाजारातून आपले बोंबील परत गोळा केलेस, फक्त त्या गवंड्याला दिलेले सोडून. त्याला अजून एक जुडी दिलीस.

त्या संध्याकाळी मी आईंना सगळं सांगितलं आणि म्हटलं की आता भवानीचा हट्ट सोडायला हवा. तू म्हणालीस, रीत मोडणार नाही. मी म्हटलं, मग पोर मोडेल. आई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तू सुई घेतलीस, पाटी उचललीस, तर आई दारात उभ्या. पदराच्या गाठीतून नाणं काढलं. "आन हिकडं, एक बोंबील दे मला. झाली भवानी. आता बस आनि जेव." ज्या बाईने तुला माझ्या ओटीपासून लांब ठेवलं होतं, तिने बाळंत होईपर्यंत रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हायचं व्रत घेतलं. आपण दोघी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही. मी मात्र त्या दिवशी शाळेत मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही, इतकी मी आनंदात होते.

शेवटचे दोन महिने तू इस्पितळात काढलेस. मोठे डॉक्टर आपले विद्यार्थी घेऊन तुझ्या खाटेशी यायचे, इंग्रजीत बोलायचे, आणि तू मधेच हात वर करून म्हणायचीस, "माझा बर्फ सांगितला का यांना?" दिवाळीत सगळा वॉर्ड फराळ खात होता आणि तू तिथल्या आयाबाईंना सुक्या बोंबलाची चटणी शिकवत होतीस. पण मी भेटायला आले की पदराआड माझा हात तुझ्या पोटावर ठेवायचीस आणि विचारायचीस, "हलतंय ना?" दोन बाळं थांबली होती ते दिवस जवळ येत होते. मी म्हणायचे, "हलतंय." तू म्हणायचीस, "परत बघ."

ठरल्याप्रमाणे दिवस भरायच्या आधी त्यांनी तुझं पोट उघडलं. मी बाहेर दादांसोबत उभी होते. आतून आवाज आला. असा काही सणसणीत, रागावलेला आवाज, की दादा म्हणाले, "ही तर हिरूवरच गेली." तोवर मुलगी की मुलगा हे कोणी सांगितलंही नव्हतं! नर्सने तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि लगेच चमच्याने काहीतरी पाजायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, साखरेचं पाणी, अशा बाळांची साखर जन्मल्याबरोबर उतरते. तू शुद्धीवर आल्यावर मी पहिलं तेच सांगितलं. आईला बंदी आणि लेकीचा पहिला घास साखरेचा. पोटाला टाके असताना तू हसलीस आणि मग कळवळून मला शिव्या दिल्यास.

गावात दादांनी घरोघर साखर वाटली. मामीनेही तेव्हा मूठभर खाल्ली होती, हे मी तिला तेराव्याला सांगायला विसरले. बारशाला आईंचा हट्ट होता की दोन जाऊन राहिलेलं पोर आहे, नाव धोंडी ठेवा, म्हणजे दृष्ट लागत नाही. तू म्हणालीस, "इतक्या सुया मी धोंड्यासाठी नाय घेतल्या." आणि जया नाव ठेवलंस.

त्यानंतरची पाच वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो. पालघरच्या वाण्याला मधुमेहाची गोळी मिळाली आणि त्याची सुई सुटली. तुलाही गोळी हवी होती. डॉक्टर म्हणाले, ती तुमच्या प्रकारच्या मधुमेहाला चालत नाही, तुमच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तू दोन दिवस रुसलीस आणि तिसऱ्या दिवशी म्हणालीस, "या गोळीनं नाय जमलं तर दुसरी येल. कुठं ना कुठं कोन तरी नळ्या घेऊन बसला असंल." मी म्हणायचे, बाय, त्या आशेवर सुई चुकवू नकोस. तू म्हणायचीस, सुई नाय चुकवत, पन आशा बी नाय चुकवत. एक दिवस सुई जाणार, तू म्हणायचीस. जाणार नाही, मी म्हणायचे. हा वाद तसाच राहिला, आणि बाय, आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्याशी भांडून मला हरायची इच्छा आहे.

एक सांगायचं राहिलं. माझी शाळेची नोकरी आईंना नको होती. मी नसताना तू त्यांना सांगितलं होतंस, "तिची चूल मी बघीन, तिला जाऊ दे." हे मला आईंनीच तू गेल्यावर सांगितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी स्वतःच्या हिमतीवर शाळेत जाते. तू असतीस तर मी तुला जाब विचारला असता, आणि मग तुझ्या गळ्यात पडले असते.

आणि हे कालचं. मी अंगणात होते. मनोरकडची एक बाई आली, डोंगरातल्या पाड्यावरची, अंगावर मांस नाही पण पोट पाच-सहा महिन्यांचं. सोबत तिची सासू. एसटी बदलून, विचारत विचारत आलेली. पालघरच्या दवाखान्यात कोणीतरी सांगितलं होतं म्हणे. दारात उभी राहून म्हणाली, "ती बाय हितंच ऱ्हाते का? साखर होती नि जिचा पोर जगला ती?"

नाही म्हणून कसं सांगू? तू गेलीस एवढंच तिच्या कानावर पडलं असतं आणि तिने तेच उत्तर समजून परतीची वाट धरली असती. तिच्या सासूने तर मागे वळून रस्त्याकडे पाहायला सुरुवातही केली होती.

जया माझ्या पोरासोबत पडवीत खेळत होती. ती उठून आली, त्या बाईच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आय वारली. पन ते पोर मीच हाय."

बाई खाली बसली. तिने जयाचा हात घेतला, उलटासुलटा पाहिला, बोटं चाचपली, गाल दाबला. "साळंत जातस?" "पुढल्या वर्सी जानार." "पळता येतं?" जया बोंबील वाळवायच्या बांबूंपर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. बाईने एक हात जयाच्या डोक्यावर ठेवला आणि दुसरा आपल्या पोटावर. मग माझ्याकडे पाहिलं, "ते काय काय करायचं असतं ते मला दाखव."

मी तिला सगळं दाखवलं, मडक्यापासून सुईपर्यंत. शेवटच्या एसटीने त्या गेल्या. ती तुला भेटायला आली होती, बाय. भेटून गेली.